चाळीस मार्कांचा कॉलम

तर झालं असं की मला एका स्पर्धेत परीक्षक केलं. मी काही मोठी लागून गेलेली नाही, आयत्या वेळी कोणीतरी गळालं आणि "तुम्ही ऐतिहासिक कादंबऱ्या फार वाचता ना" म्हणून माळ माझ्या गळ्यात पडली. अप्रकाशित ऐतिहासिक कादंबऱ्या, एकूण अकरा, सगळ्या पीडीएफमध्ये, त्यातली एक तर सहाशेऐंशी पानांची, आणि सोबत मार्कांचा फॉर्म. पहिलाच कॉलम, ऐतिहासिक अचूकता, ४० गुण. मग कथानक २०, व्यक्तिरेखा २०, भाषा २०. फॉर्म बघून मी खूश झाले होते हे आधीच कबूल करून टाकते, कारण चुका काढणं हे माझं जुनं व्यसन.

जुनं म्हणजे कॉलेजपासूनचं. पेन्सिल कानाला लावून कादंबरी वाचायची आणि चूक सापडली की समासात फुली. आणि चुका सापडतातच हो. याही ढिगात पहिल्याच पीडीएफमध्ये यादवांच्या काळातली एक बाई मिरच्या वाटत होती. मिरची मूळची अमेरिकेतली, कोलंबस तिकडे पोचला १४९२ ला, पोर्तुगीजांबरोबर ती इकडे आली त्यानंतर, म्हणजे देवगिरीचं राज्य बुडून पावणेदोनशे वर्षं उलटल्यावर. बटाटा, टोमॅटो, मका, भुईमूग सगळ्यांची तीच गत. दुसऱ्या एकात सरदार ओरडतो, "पाच मिनिटांत घोडे तयार ठेवा!" कोणाची पाच मिनिटं? लंबकाचं घड्याळ हायगेन्सनं बनवलं १६५६ मध्ये, त्याआधीच्या बहुतेक घड्याळांना मिनिटकाटाच नसायचा आणि या सरदाराकडे तर तसलंही घड्याळ असायचं कारण नाही. त्याच्याकडे प्रहर होता, घटका होती, पळं होती, 'घटकाभरात' म्हटलं असतं तरी भागलं असतं. (निवेदक मिनिटं म्हणाला तर माझी हरकत नाही. निवेदक आजचा आहे, पात्र नाही.)

(इथून पुढे हस्तलिखितांचे तपशील इकडेतिकडे करून सांगतेय, कोणाची ओळख पटायला नको.)

पण तिसऱ्या-चौथ्या पीडीएफपर्यंत माझ्या लक्षात आलं की या फुल्यांची मला मजा येतेय आणि कादंबरी मात्र आठवत नाहीये. मिरची काढून मिरी घातली की ती चूक संपली, फोन हातात असलेला कोणीही माणूस दुपारभरात हे करू शकतो. त्याला ४० मार्क?

आणि मग आली ती सहाशेऐंशी पानांची. तिच्यात मला एकही चूक सापडली नाही. एकही! तलवारीच्या मुठीपासून पंचांगातल्या तिथीपर्यंत सगळं चोख, प्रत्येक किल्ल्याचे दरवाजे मोजलेले, प्रत्येक सरदाराचे आजोबा-पणजोबा हजर. आणि वाचवत नव्हती. सनावळीला धोतर नेसवल्यासारखी. माणसं एकमेकांशी बोलत नव्हती, एकमेकांना माहिती पुरवत होती. सख्खा भाऊ सख्ख्या भावाला सांगतो की "आपल्याला ठाऊकच आहे, आपले तीर्थरूप अमुक साली तमुक लढाईत कामी आले." अरे ठाऊकच आहे तर कशाला सांगतोयस बाबा? फॉर्मप्रमाणे तिला ४० पैकी ४० द्यायचे होते आणि बाकी साठांत कितीही हात आखडला तरी ती वरच्या तिघांत येत होती. इथे माझं आणि फॉर्मचं बिनसलं.

शिवाय अचूकता म्हणतो तीसुद्धा एका जागी बसून राहत नाही. इंग्लंडचा तिसरा रिचर्ड १४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईत मारला गेला. शेक्सपिअरनं त्याला कुबडा केला, एक हात वाळलेला दाखवला. विसाव्या शतकात त्याची बाजू घेणारे उभे राहिले, म्हणाले कुबड वगैरे काही नव्हतं, हा सगळा नंतर गादीवर आलेल्या ट्यूडरांचा अपप्रचार, आणि त्या बाजूनं कादंबऱ्याही आल्या. मग २०१२ साली लेस्टरमध्ये एका पार्किंगच्या जागेखाली त्याचा सांगाडाच निघाला. मणका एका बाजूला चांगलाच वाकलेला, दोन्ही हात मात्र ठणठणीत. म्हणजे दोन्ही पार्ट्या अर्ध्या बरोबर आणि अर्ध्या चूक. आता त्या जुन्या कादंबऱ्यांचे मार्क कापायचे का? आपल्याकडे शिवाजी महाराजांचं जन्मवर्ष आधी १६२७ धरायचे, टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली (जेधे घराण्याकडच्या जुन्या सालवार नोंदी) प्रसिद्ध केली, तिच्यात शके १५५१ निघालं म्हणजे १६३०, आणि त्यावरचा वाद पुढे कित्येक दशकं चालला. शकावली छापली जाण्याआधी १६२७ लिहिणारा लेखक माझ्या लेखी तरी चुकलेला नाही, त्याच्या टेबलावर जे होतं त्याच्याशी तो प्रामाणिक होता.

याहून गंमत म्हणजे खरं असूनही खोटं वाटणाऱ्या गोष्टी. टिफनी हे नाव घ्या. मध्ययुगीन कादंबरीत नायिकेचं नाव टिफनी ठेवलं तर वाचक पुस्तक फेकून देईल, पण ते नाव खरोखर बाराव्या-तेराव्या शतकात युरोपात होतं, थिओफानियाचं रूप आहे ते. या भानगडीला इंग्रजीत टिफनी प्रॉब्लेम असंच नाव पडलंय. आपली टिफनी म्हणजे भाषा. सतराव्या शतकातला मराठा सरदार कादंबरीत कसा बोलतो? "महाराज, शत्रुसैन्य समीप येऊन ठेपले आहे, आज्ञा व्हावी." आपल्याला हे अगदी अस्सल वाटतं. आणि त्या काळची पत्रं उघडून बघा, फारसी-अरबी शब्दांचा नुसता पाऊस. फौज, गनीम, मसलत, हुजूर, बंदोबस्त, तह, तोफ, कागद. इतका की खुद्द महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय द्यायला. असा कोश करावा लागला यातच काय ते आलं! पण कादंबरीत खरंखुरं सतराव्या शतकातलं मराठी घातलं तर वाचक म्हणणार, हे काय, आपला माणूस असा कसा बोलेल. त्यामुळे आपण जिला जुनी भाषा म्हणतो ती बहुतेक वेळा एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या कादंबऱ्यांनी आणि नाटकांनी बनवलेली आहे. ती वापरू नका असं म्हणत नाहीये मी. मला स्वतःला ती कानाला आवडते, लहानपणापासून तीच ऐकलीय. पण तिला भाषेच्या कॉलममध्ये 'काळाला अनुरूप' म्हणून मार्क द्यायचे म्हणजे एका नक्कलेला दुसऱ्या नकलेशी ताडून पास करणं झालं.

बरं मग मार्क द्यायचे कशाला? मी चार दिवस पीडीएफ उघडल्याच नाहीत आणि स्वतःलाच विचारत बसले की मला आवडलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत असं काय होतं. उत्तर मिळालं ते इतकं साधं होतं की लिहायलाही लाज वाटते. त्यातल्या माणसांना पुढचं माहीत नव्हतं.

म्हणजे बघा. पानिपतावर कोणीही कादंबरी लिहायला बसलं की त्याच्या मानगुटीवर १४ जानेवारी १७६१ बसलेलीच असते. आपल्या भाषेत तर तो शब्दच 'पानिपत झालं' असा वापरतात, 'विश्वास गेला तो पानिपतात' म्हणतात, म्हणजे गावाचं नाव उच्चारलं की शेवट सांगून झाला. आणि मग लेखक काय करतो, पहिल्या पानापासून सगळ्यांना उदास करून टाकतो. फौज निघतेय आणि आभाळ भरून आलंय, कुणाच्या तरी हातातलं निरांजन विझतंय, म्हातारी बाई दारात उभी राहून म्हणतेय आता काही ही परत भेट नाही. या ढिगातही एक तसली होती, पहिल्या तीस पानांत चार अपशकुन मोजले मी. पण भाऊ निघाले तेव्हा काय चित्र होतं? फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला निजामाला लोळवलेलं, ताजा विजय, तोफखाना तय्यार. ऑगस्टपर्यंत दिल्ली हातात. ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा घेतलं, तिथे धान्य मिळालं, खजिना मिळाला. बरोबर बायका होत्या, उत्तरेतली तीर्थं करायला म्हणून निघालेले हजारो लोक होते. मरायला निघालेला माणूस यात्रेकरू बरोबर घेतो का! ते खुशीत निघाले होते, आणि त्यांची ती खुशी मनापासून लिहिली तर वाचकाच्या पोटात जो गोळा येतो तो शंभर अपशकुनांनी येणार नाही, कारण शेवट आपल्याला माहीत आहे आणि त्यांना नाही, आणि आपण पुस्तकात हात घालून कुणाला परत फिरवू शकत नाही.

टॉलस्टॉयला हे बरोबर कळलं होतं. वॉर अँड पीसमध्ये बोरोदिनोची लढाई आहे, १८१२ सालची. ती लिहिण्यासाठी तो १८६७ मध्ये स्वतः ते रणांगण फिरून आला, उजेड कुठून येतो, उतार कुठे आहे सगळं बघून. इतका रिसर्च केल्यावर आपल्यातल्या कोणी काय केलं असतं? नकाशा उलगडून डावी बाजू उजवी बाजू समजावून दिली असती (तोही देतो मधेमधे व्याख्यानं, मी ती पानं उलटते, कोणाला सांगू नका). पण लढाईच्या ऐन मध्यात त्यानं सोडला कोणाला, तर पिएरला. पांढरी हॅट घातलेला, लढाईतलं ओ की ठो न कळणारा माणूस. तो सगळ्यांच्या पायात येतो, सैनिक आधी वैतागतात मग त्याला आपल्यात घेतात, धूर होतो, कोण जिंकतंय कोणालाच पत्ता नाही. टॉलस्टॉय स्वतः क्रिमियाच्या युद्धात सेवास्तोपोलला होता, लढाईच्या आतून लढाई दिसत नाही हे त्यानं अंगावर घेतलेलं होतं.

आणि स्कॉटनं १८१४ मध्ये वेव्हर्ली लिहिली, जिच्यापासून युरोपातल्या ऐतिहासिक कादंबरीची सुरुवात धरतात, तिच्यात स्कॉटलंडमधलं १७४५ चं बंड आहे, बंडाचा राजपुत्र आहे, पण नायक तो नाही. नायक एक कल्पित, जरासा गोंधळलेला तरुण. राजपुत्राचं पुढे काय झालं ते जगाला माहीत होतं, या पोराचं काय होणार ते कोणालाच माहीत नव्हतं. इतकी साधी युक्ती! आपण मात्र बहुतेक वेळा थेट राजालाच, नाहीतर पेशव्यालाच नायक करतो, म्हणजे शेवट वाचकाला पाठ, वयासकट. हे अवघड काम आहे आणि आपल्याकडे ते जमवलेलंही आहे. माधवराव सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला जाणार हे माहीत असूनही लोक स्वामी वाचताना रडतातच की. पण ज्यांना जमत नाही ते मग नायकाला आपलं स्वतःचं चरित्र वाचून आल्यासारखं वागायला लावतात. तो लहानपणापासून पुतळ्याच्या पोझमध्ये उभा. त्याला सर्दी होत नाही, तो कुणाचं नाव विसरत नाही, त्याचा एकही निर्णय असा नसतो की जो त्या रात्री चुकीचाही ठरू शकला असता.

हिलरी मॅन्टेलनं इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्यावरच्या तिन्ही कादंबऱ्या वर्तमानकाळात लिहिल्यात त्याचं कारण मला हेच वाटतं. १५४० साली त्याचं डोकं उडवणार आहेत हे आपल्याला माहीत आहे, तो मात्र आज सकाळच्या कामाच्या गडबडीत आहे. तिच्यामुळे की काय माझ्या अकरांपैकी चार हस्तलिखितं वर्तमानकाळात होती. "राजा गवाक्षाशी उभा आहे. त्याला माहीत नाही की ही त्याची अखेरची पौर्णिमा आहे." झालं! काळ बदलला पण चुगली करायची सवय गेली नाही.

आता एक मुद्दा ज्यावर माझं आणि माझ्याबरोबरच्या दुसऱ्या परीक्षकांचं वाजलं. सर इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, अतिशय सज्जन, वाचनाला बसले की तहानभूक हरपणारे. त्यांचं म्हणणं, एकोणिसाव्या शतकातली नायिका पुरुषांना उलट प्रश्न विचारते हे काळाला धरून नाही, 'त्या काळी बायका असा विचार करतच नव्हत्या.' मी त्यांना ताराबाई शिंदे आठवून दिल्या. स्त्रीपुरुष तुलना, १८८२. आजही वाचताना चटका बसेल असली भाषा आहे त्यात. म्हणजे विचार होता की त्या काळात. पण सरांचं अर्धं म्हणणं मला नंतर पटलं, अंघोळ करताना, जसं नेहमी पटतं. हस्तलिखितातली नायिका बोलते आणि तिला काहीच होत नाही, सासरे मान खाली घालतात, गाव टाळ्या वाजवतं, म्हणजे जवळजवळ वाजवतंच. ताराबाईंच्या पुस्तकावर टीका झाली, जोतीराव फुले बाजूनं उभे राहिले तरी झाली, आणि त्यानंतर त्यांचं दुसरं पुस्तक आलं नाही. विचार त्या काळातला असू शकतो, फुकट मात्र नसतो. नायिकेला आजची मतं द्या खुशाल, पण त्यांचं बिल तिला त्या काळच्या हिशोबानं येऊ दे, आणि ते भरताना तिला दाखवा.

खलनायकाबद्दल फार लिहीत नाही. दाढी, लाल डोळे, मांसावर तुटून पडणं, हे अकरांपैकी सहात होतं. कंटाळा आला.

लेखकाच्या मनोगताबद्दल मात्र एक. मी ते शेवटी वाचते, आणि ज्या लेखकानं स्वतःहून सांगितलंय की अमकी भेट मी कल्पनेनं घडवली, तमक्या दोन माणसांचं एक पात्र केलं, दोन वर्षांचं अंतर मिटवलं, त्याला मी वाटेल तेवढी सूट देते. उलट 'यातील प्रत्येक शब्द इतिहासाला धरून आहे' असं वाचलं की माझी पेन्सिल आपोआप कानावरून खाली येते. प्रत्येक शब्द इतिहासाला धरून असेल तर मग नवरा-बायकोचं शेजघरातलं बोलणं कोणत्या कागदपत्रात सापडलं ते तरी सांगा.

असो. तर नववी पीडीएफ. एकशेचाळीस पानं फक्त. तेराव्या शतकाचा शेवट, आणि एक निरोप्या. (जासूद नाही, हरकारा नाही, लेखिकेनं मुद्दाम ते शब्द टाळलेत, ते शब्द नंतरचे. भाषा जुनी करण्यासाठी तिनं एवढंच केलंय, बाकी वाक्यं छोटी आणि साधी.) त्याच्याकडे एक लखोटा आहे, तो राजधानीला पोचवायचाय, वाचता येत नाही त्याला. लखोट्यात काय आहे ते लेखिका आपल्याला दुसऱ्याच प्रकरणात सांगून टाकते, ज्या माणसाला तो पत्र देणार आहे त्याचा मुलगा लढाईत गेलाय. संपूर्ण कादंबरीभर हा आपला चालतोय. त्याची वहाण तुटते. एका ओढ्यापाशी तो दोन दिवस अडकतो कारण पाणी उतरत नाही. त्याला वाटतंय की बातमी आनंदाची आहे, कारण देणाऱ्यानं त्याला नेहमीपेक्षा जास्त पैसे दिलेत, आणि आपल्याला कळतंय की जास्त पैसे का दिलेत. वाटेत तो गावोगाव सांगत सुटतो, चांगली बातमी घेऊन चाललोय. आणि एका गावात त्याला थांबवून लोक दाराला तोरण बांधतात, बातमीच्या मानासाठी.

मी ते पान वाचून पीडीएफ बंद केली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले थोडा वेळ. राजा नाही, लढाई नाही, किल्ला नाही, तारीख एकही नाही. आणि मी त्या माणसाबरोबर सातशेहून जास्त वर्षं मागे गेले होते, किंवा तो इकडे आला होता, काय असेल ते.

अचूकतेच्या कॉलममध्ये मी ३६ लिहिले. समासात एकही फुली नव्हती. मग सरांचा फोन आला, मार्क जुळवायला.

"नऊ नंबरला मी बारा दिलेत," सर म्हणाले.

"बारा? सर, का हो?"

"मॅडम, ते तोरण कसलं आहे बघा."

बघितलं. झेंडूचं. मिरचीवर एवढं प्रवचन झोडणाऱ्या मला झेंडू दिसला नव्हता. झेंडूही अमेरिकेचाच, मेक्सिकोकडचा, तेराव्या शतकात इथे त्याचं नावनिशाण नव्हतं, पण ते फूल इतकं आपलं झालंय की डोळा त्याच्यावरून घसरतो. मी फोनवर दोन मिनिटं (हो, मिनिटंच) गप्प होते. सर बिचारे म्हणाले, तुम्हाला वाईट वाटलं का. वाईट नाही वाटलं, मला माझ्या कॉलेजपासूनच्या सगळ्या फुल्या आठवत होत्या आणि त्यातल्या किती पानांवर झेंडूखाली काहीतरी होतं आणि मी ते न वाचताच पुढे गेले असेन याचा हिशोब लागत नव्हता. मग आमची तासभर वादावादी झाली. सर म्हणाले नियम तो नियम, फॉर्मवर ४० लिहिलेत. मी म्हटलं सर, त्या सहाशेऐंशी पानांतला एक तरी माणूस आठवतोय का तुम्हाला, नाव सांगा फक्त. सर बराच वेळ विचार करत होते. मग म्हणाले, "घोड्याचं नाव आठवतंय."

शेवटी सरांनी बाराचे एकवीस केले, मी छत्तीसचे तीस. हस्तलिखितं परत पाठवताना अभिप्रायासाठी दोन ओळींची जागा होती. नऊ नंबरवर मी लिहिलं, पान ९७ वरचा झेंडू काढा, आंब्याची पानं चालतील. बाकी कशाला हात लावू नका.